पिशवी ठेवलेली खुर्ची

भावजय : किती हात वर झाले, तेवढं सांगा. बाकीचं नंतर.

वन्सं : आधी पाणी दे गं. चप्पल तरी काढू दे.

भावजय : घ्या. तुमचा घसा सभेत बोलून कोरडा, आमचा वाट बघून. सगळ्या स्वयंसेविका फोन हातात धरून बसल्यात संध्याकाळपासून. ‘तुझी नणंद संघटनेची सेक्रेटरी आहे, तूच विचार, तूच विचार.’ माझं डोकं खाल्लंय नुसतं.

वन्सं : भाऊ जागा आहे का माझा?

भावजय : जागे आहेत. पाठ शेकून दिली, आता रेडिओ लावून पडलेत. इथलं तिकडं ऐकू जात नाही. तुम्ही विषय बदलताय, म्हणजे हरलो आम्ही.

वन्सं : हरला नाहीत.

भावजय : मग जिंकलो?

वन्सं : तहकूब.

भावजय : हे काय आणखी?

वन्सं : ठराव मतालाच टाकला नाही. हात वर करायची वेळच आली नाही. माझी पाळी आली, मी कागद घेऊन उभी राहिले, आणि अध्यक्ष म्हणाले, बाई, बसा जरा. चौकशी चालू असताना स्वयंसेविकांना सभासद करून घेणं बरं दिसत नाही. पुढच्या सभेत बघू.

भावजय : पुढची सभा कधी?

वन्सं : पुढच्या वर्षी.

भावजय : छान. चौकशी माझ्या एकटीची, आणि दाराला कडी सगळ्यांना. उद्यापासून एक बाई माझ्याशी धड बोलायची नाही.

वन्सं : एका शब्दाचं काम होतं गं. संघटनेच्या घटनेत ‘पगारी कर्मचारी’ असं आहे, त्यातला ‘पगारी’ तेवढा खोडायचा होता. एवढ्यासाठी सहा महिने मी दवाखान्या-दवाखान्यातून वणवण केली. नर्सेस तयार झाल्या, लॅबवाले तयार झाले. ड्रायव्हर तेवढे कुरकुरत होते, त्यांनाही गुंडाळलं असतं मी.

भावजय : ड्रायव्हरांचं नाव काढू नका माझ्यापुढं.

वन्सं : बरं, नाही काढत.

भावजय : पोरं गोळा करायची आम्ही. बाळंतिणीला गाडीत घालायचं आम्ही. साथ आली की घरोघर जाऊन ताप बघायचा आम्ही, दारावरची कुत्री अंगावर घ्यायची आम्ही. आणि विचारलं की म्हणायचं, तुम्ही कर्मचारी कुठं, तुम्ही सेवा करता. तुम्हाला मिळतो तो पगार, आम्हाला मिळतं ते मानधन.

वन्सं : मला काय सांगतेस? मीच सगळ्यांना हे सांगत फिरले ना?

भावजय : तुम्हाला नाही सांगत. तोंडातून निघतंय, निघू द्या.

वन्सं : आणि हे बघ, अजून काही झालेलं नाही. चौकशी उद्या आहे. तुला काढून टाकतीलच असं नाही.

भावजय : वन्सं, जन्म गेला तुमचा संघटनेत आणि एवढं माहीत नाही? आम्हाला काढून टाकत नाहीत. ठेवलेलंच नाही तर काढणार काय? आमचे आभार मानतात.

वन्सं : म्हणजे?

भावजय : म्हणजे तेच. ‘आपण केलेल्या सेवेबद्दल आभार.’ की दुसऱ्या दिवसापासून येऊ नका. आमच्यात कोणी म्हणत नाही अमकीला काढलं म्हणून. म्हणतात, तिचे आभार मानले. मागं नाल्यापलीकडच्या ताईचे मानले, ती बिचारी खूश होऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली तर तिच्या जागी दुसरी. परवा एक बाळंतीण म्हणाली, ताई, तुमचे फार आभार. मी म्हटलं, बाई गं, हवं तर शिवी दे.

वन्सं : हसवू नकोस. आज नको.

भावजय : मी कुठं हसतेय?

वन्सं : थोडं थांबली असतीस ना त्या दिवशी. जरासं. बर्फाचे पॅक फ्रीजरमधून बाहेर काढले की...

भावजय : की त्यांना घाम येऊ द्यायचा. कानाशी धरून हलवायचे. आत पाणी खुळखुळलं की मगच लसीच्या पेटीत भरायचे, नाहीतर लस गोठते आणि वाया जाते. पाठ आहे मला. झोपेत विचारा.

वन्सं : मग?

भावजय : मग काय? मी कानाशी धरला होता पॅक. आत दगड होता नुसता. बाहेर हॉर्न. ड्रायव्हर खिडकीतून म्हणतो, मी निघालो, तू ये मागून डोक्यावर पेटी घेऊन. आणि तिकडं वस्तीत बायका पोरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या. मी त्यांना सकाळीच सांगून आलेले, वेळेवर या, गाडी थांबत नाही. मला वाटलं, पोचेपर्यंत सुटेल बर्फ. नाही सुटला. टोचून सगळं झालं आणि शेवटच्या बाटलीत टोचणाऱ्या सिस्टरला गोठल्याचे कण दिसले. चूक माझी आहे, मी कधी नाही म्हटलंय? त्या पोरांना परत सुई. मायांनी मला काय काय नावं ठेवली, ती बरोबरच ठेवली. पण पेटी भरायचं काम माझं होतं का, एवढं कोणी विचारेल का उद्या?

वन्सं : नव्हतं तुझं. नर्सचं काम आहे ते.

भावजय : कोणत्या नर्सचं?

वन्सं : माझं.

भावजय : आणि तुम्ही कुठं होतात?

वन्सं : तुला माहीत आहे.

भावजय : माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय.

वन्सं : दुसऱ्या दवाखान्यात. ठरावाला पाठिंबा मागायला. तुमच्याचसाठी.

भावजय : आमच्याचसाठी. बघा आता, हसायचं की रडायचं? तुम्ही आम्हाला आत घ्यायला बाहेर गेलात, आणि मी तुमच्या जागी आत जाऊन सगळ्यांना बाहेर ठेवलं.

वन्सं : फ्रीजच्या खोलीत दारामागं खिळा आहे ना?

भावजय : आहे. त्याचं काय?

वन्सं : फ्रीजची किल्ली आपण कधीकधी तिथं अडकवतो.

भावजय : अडकवतो.

वन्सं : त्या दिवशी...

भावजय : त्या दिवशी तुम्ही माझ्या हातात दिलीत. तळहातावर ठेवलीत आणि वरून माझी बोटं मिटलीत. म्हणालात, घाई करू नकोस. मग खिळा कुठून आला मध्येच?

वन्सं : अध्यक्षांनी...

भावजय : बोला की. गिळू नका.

वन्सं : अध्यक्षांचं म्हणणं, किल्ली खिळ्यावर होती असं तू सांगावंस. तू आपण होऊन घेतलीस. मला विचारलं नाहीस. मग माझ्यावर फक्त निष्काळजीपणा येतो, तो संघटना सोडवून नेईल. किल्ली मी दिली असं निघालं तर कामाची जागा सोडून गेले, किल्ली परक्या हाती दिली, सगळं एकदम. निवृत्तीच्या तोंडावर निलंबन.

भावजय : परक्या हाती.

वन्सं : त्यांचा शब्द आहे, माझा नाही.

भावजय : आणि माझ्या बाजूनं कोण बोलणार? चौकशी करणाऱ्या मोठ्या साहेबांच्या ऑफिसातून सांगितलं, प्रतिनिधी आणता येतो. मी म्हटलं, कोण आणू? तर म्हणे, तुमच्या संघटनेचा. फोनवरच हसायला आलं मला.

वन्सं : मी नाही म्हणून आलेय.

भावजय : कोणाला?

वन्सं : अध्यक्षांना. तोंडावर सांगितलं, मी खोटं वदवून घेणार नाही. माझ्या भावाची बायको आहे ती, माझ्या हाताखाली शिकलीय. उद्या मी उभी राहीन आणि सांगेन, किल्ली मी दिली.

भावजय : काही नको. वेडेपणा करू नका.

वन्सं : वेडेपणा कसला?

भावजय : हिशेब सरळ आहे. तुमचं निलंबन, माझे आभार, आणि तिसरं माणूस आत पाठीवर पडलेलं. माळ्यावरून पडल्यापासून त्यांच्याच्यानं उठवत नाही. हे घर तुमच्या जिवावर उभं आहे, वन्सं. माझं जायचंच आहे. तुमचं कशाला घालवता? सांगते मी खिळ्यावर होती म्हणून. तोंड काय झिजतंय माझं?

वन्सं : झिजतं. खोटं बोलून तोंडच झिजतं. नाही, मी ठरवलंय. आत टेबलाच्या अलीकडं चौकशी असलेल्या माणसाला दोन खुर्च्या असतात, एक त्याची, एक त्याच्या प्रतिनिधीची. मी पलीकडं बसलेली असेन, अध्यक्षांशेजारी. माझं बोलून झालं की उठून तुझ्याकडं येईन.

भावजय : सभासद नसलेलीकडं बसलात तर संघटना तुम्हाला ठेवेल का?

वन्सं : नको ठेवू दे. तू फक्त ती खुर्ची कोणाला देऊ नकोस. पिशवी ठेव तिच्यावर. जागा धरून ठेव.

भावजय : तुम्ही नका येऊ, वन्सं.

वन्सं : मी येणार. चल, ताटं घे. भाऊ भुकेला असेल.

(दुसरा दिवस, दुपार. मोठ्या साहेबांच्या ऑफिसबाहेरचा लांबलचक व्हरांडा. दाराशी शिपायाचं स्टूल, भिंतीला लागून लाकडी बाक; त्यावर भावजय, शेजारी तिची पिशवी. चौकशी नुकतीच संपलेली.)

शिपाई : घोटभर पाणी घे, ताई. माठातलं आहे, साहेबांच्या बाटलीतलं नाही. तब्येतीला चांगलं.

भावजय : द्या, मामा.

शिपाई : मी आतच होतो सगळा वेळ. पाण्याचा जग घेऊन कोपऱ्यात. माझ्यासारखा माणूस खोलीत असला काय नि नसला काय, कपाटाएवढीच किंमत. पण कान कुठं ठेवू?

भावजय : ऐकलंत ना? मग झालं.

शिपाई : एक विचारू? राग नको मानू. ती शेजारच्या खुर्चीवर पिशवी कशाला ठेवली होतीस? साहेबांनी दोनदा विचारलं, इथं कोण बसणार आहे? मला वाटलं, वकीलबिकील आणतेय बाई.

भावजय : मी म्हटलं ना, येणार आहेत.

शिपाई : म्हटलंस. मी दाराकडं बघत होतो, कोण येतंय म्हणून. चपला वाजल्या की उठून बघायचो. कोणीच नाही आलं.

भावजय : येणारं माणूस आतच होतं, मामा.

शिपाई : आत? आत तर तू, साहेब, लिहून घेणारा, आणि पलीकडं ती सिस्टर नि तिच्या संघटनेचा अध्यक्ष. बरं जमवलं बाकी त्या अध्यक्षानं. साहेबांनी विचारलं, किल्ली कोणी दिली? सिस्टर उठली अर्धी. त्यानं मनगट धरून बसवली आणि म्हणाला, आमच्या सभासद या प्रश्नाचं उत्तर देणार नाहीत, तसा त्यांचा हक्क आहे. काय माणूस आहे. मीही सभासद आहे हो त्यांचा. दर महिन्याला वर्गणी जाते. मला नाही कोणी असं मनगट धरून बसवलं कधी.

भावजय : तुमच्यावर वेळ नाही आली, मामा. येऊही नये.

शिपाई : आणि मग साहेब तुझ्याकडं वळले.

भावजय : वळणारच. माझ्याकडं उत्तर न द्यायला कोणी नव्हतं.

शिपाई : तू जरा थांबलीस मात्र. मी बघितलं. पलीकडं टक लावून थांबलीस.

भावजय : खुळखुळतंय का बघत होते.

शिपाई : काय?

भावजय : काही नाही. पाणी गार आहे छान.

शिपाई : मग म्हणालीस, किल्ली खिळ्यावर होती, मी घेतली. मला तर बाई... जाऊ दे. आल्या बघ सिस्टर बाहेर. मी जातो, आतले कप गोळा करायचेत. सांभाळून जा हो.

भावजय : येते, मामा.

वन्सं : इथं बसलीस होय? मी तुला खाली फाटकाशी शोधून आले.

भावजय : मामांनी पाणी दिलं. म्हटलं, बसावं जरा. तुमचं काय झालं?

वन्सं : समज दिली. लेखी.

भावजय : बरं झालं. म्हणजे पेन्शनला धक्का नाही.

वन्सं : नाही.

भावजय : माझे आभार मानले. तुम्ही होतातच म्हणा. उभे राहून मानले साहेबांनी, हात जोडून. माणूस वाईट नाही. इतक्या वर्षांत मोठं कोणी माझ्यासाठी खुर्चीवरून उठलं नव्हतं.

वन्सं : असं बोलू नकोस गं.

भावजय : कसं बोलू?

वन्सं : शिव्या दे. ओरड. मी उठले होते. तू बघितलंस ना? मी तोंड उघडलं होतं. त्यांनी मनगट धरलं माझं.

भावजय : बघितलं.

वन्सं : मग?

भावजय : हळूच धरलं होतं, वन्सं.

वन्सं : (डोळ्यांना रुमाल लावते.)

भावजय : रडू नका इथं. लोक येतात जातात.

वन्सं : मला वाटलं, आता उठते, आता उठते. आणि डोळ्यांसमोर भाऊ आला. ती पाठ, ती औषधं. बसूनच राहिले मी. आणि तूच म्हणाली होतीस ना काल, नका सांगू, नका येऊ? तूच म्हणाली होतीस.

भावजय : म्हणाले होते.

वन्सं : मग?

भावजय : म्हणाले होते, आणि सकाळी जाऊन पिशवीही ठेवली होती. काल तुम्हाला नको नको म्हणत होते ना, तेव्हा आतून वाटत होतं, हिनं माझं ऐकू नये. एवढी एक गोष्ट माझी हिनं ऐकू नये. बाकी सगळं आयुष्यभर ऐकलं नाहीत, नेमकं हेच ऐकलंत.

वन्सं : मी पुढच्या सभेत ठराव परत आणीन. शपथ घेते. त्या अध्यक्षाच्या छाताडावर बसून मतं मोजायला लावीन.

भावजय : आणा. बाकीच्या बायकांचं भलं होईल.

वन्सं : तुझंही.

भावजय : माझं कसं होईल? ठराव स्वयंसेविकांचा. मी आता तीही नाही. मी आता तुमच्या भावाची बायको, झालं.

वन्सं : त्याला काय सांगायचं घरी?

भावजय : मी सांगते. तुम्ही मध्ये पडू नका. ते मला विचारतील, ताई तुझ्या बाजूनं बोलली का? मी हो म्हणेन. खोटं बोलून तोंड झिजतं म्हणालात, पण सवय होते हो. सकाळी एक बोलले, दुसरं सोपं जाईल.

वन्सं : नको गं. त्याला खरं सांग.

भावजय : त्यांना उठता येत नाही, वन्सं. पडल्या पडल्या खरं घेऊन काय करतील ते? बरं, उद्या लसीकरण आहे ना, नाल्यापलीकडं?

वन्सं : आहे.

भावजय : पेटी कोण भरणार?

वन्सं : मी.

भावजय : पॅक लवकर काढून ठेवा. हॉर्न वाजला तर वाजू द्या. तुमच्यावर नाही ओरडणार तो. आणि कानाशी धरून बघा. पोरांना परत परत टोचायला नको. त्यांच्या माया आधीच घाबरल्यात, मी हाका मारून आणलेल्या आहेत एकेकीला.

वन्सं : बघेन.

भावजय : उजव्या कानानं. तुमचा डावा कमी ऐकतो.

वन्सं : एवढ्या पायऱ्या उतरवणार नाहीत आत्ता. जरा पिशवी उचल. बसते मी पाच मिनिटं तुझ्याजवळ.

भावजय : राहू द्या, वन्सं. ती आधीपासून बसलीय.